टाकीवरची चटई

बाबारावला लाज म्हणून नव्हती. सात वर्षांच्या टीनाचा पाय मोडला तो याच्या अंगणात, अन् हा प्लांटमधला रिटायर साहेब हुडको कॉलनीभर सांगत फिरत होता, "पोरगीच धांदरट! अन् आजी फाटकात गप्पा मारत उभी!"

ती आजी म्हणजे सिंधुताई. स्वतःवरचं बोलणं तिनं झटकून टाकलं असतं, पण प्लास्टरमधली टीनाही विचारू लागली, "आजी, गलती मेरी ही थी ना?" ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, बाबारावनेच गल्लीतली पोरं हाका मारून बोलावली होती. लाकडी बैल मांडायला अंगणात चटई अंथरली, भोवती रांगोळी घातली. चटईखाली जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं तोंड होतं. झाकण फुटलेलं, म्हणून वर पातळ प्लायवूड. टीना बैल घेऊन चटईवर चढली अन् प्लायवूडसकट आत गेली. टाकी कोरडी होती, म्हणून पायावरच निभावलं.

टीनाची आई, म्हणजे सिंधुताईची सून प्रांजली, वकील. ती म्हणाली, "आई, नुसता खड्डा दाखवून भागत नाही. पोरं यानं बोलावली, धोका याले माहीत होता, तरी सांगितला नाही, हे दाखवलं की झाला निष्काळजीपणा. अन् तो म्हणून राहिला, झाकण फुटल्याचं मले ठाऊकच नव्हतं."

"ठाऊक नव्हतं?" सिंधुताईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. फाटकातून त्या दिवशी पाहिलेलं तिला लख्ख आठवलं.

रविवारी कॉलनीच्या मंडळाच्या बैठकीत बाबारावने पुन्हा तोच सूर लावला, तशी ती पदर खोचून उठली.

"बाबाराव, पोरं यायच्या आधी रुक्मा आरतीचं ताट घेऊन चटईवर चढत होती. तुमी तिले दंड धरून मागं ओढलं. कावून?"

"कधी? मी नाही ओढलं."

"ओढलं ना वो!" त्याची बायको रुक्माच बोलली. "ताटातलं कुंकू सांडलं माह्या साडीवर!"

बाबाराव चिडला. "मग काय करू? तुझं वजन त्या प्लायवूडले झेपलं असतं का?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. हॉलभर हशा पिकला. रुक्मा मात्र हसली नाही. प्रांजलीनं सासूकडे अशा कौतुकानं पाहिलं, जसं कोर्टात कधी कुणाकडे पाहिलं नसेल.

सिंधुताई चालत थेट त्याच्या खुर्चीसमोर गेली.

"म्हणजे माहीत होतं तुमाले! बायको वाचवली, अन् माह्या नातीले 'ये, बैल मांड' म्हटलं. पोरगी धांदरट नाई, बाबाराव. निष्काळजी तुमी! कोर्ट काय म्हणायचं ते म्हणीन, पहिले उठा, माह्या घरी चला, अन् गलती कोणाची होती ते टीनाले आपल्या तोंडानं सांगा."