जिवंत लॉर्डाला हार

कुवेतच्या रुमैथिया भागातल्या त्या बंगल्यात जेवायला येणाऱ्या पाहुण्याला आधी भिंतीवरचे सहा पूर्वज गिळावे लागत, मग सूप. साहेब हातात ग्लास घेऊन तसबिरींसमोर उभा राही आणि व्हेनबरो घराण्याचं पुराण सुरू करी. स्वयंपाक करणाऱ्या प्रभाला ते आता तोंडपाठ झालं होतं. पहिल्यानं राजाच्या फौजेला मांस पुरवलं, तेही किडकं, आणि लॉर्ड झाला. साहेब हे हसत हसत सांगायचा, लाज कसली ती नाहीच. दुसऱ्यानं पैसेवाली विधवा गटवली. तिसऱ्यानं हिंदुस्थानावर भाषणं ठोकली, हिंदुस्थान न बघता. पुढचे दोघे लंडनच्या लॉर्डांच्या सभेत नुसते घोरले. सहावी तसबीर साहेबाच्या बापाची. म्हातारा अजून हयात होता आणि त्याच सभेत घोरत होता. बापाची खुर्ची पोराला, अक्कल असो नसो! आणि हा सातवा दिवटा, युद्ध संपल्यावर कुवेतमध्ये तोफांची दलाली करायला आलेला.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात प्रभाच्या भावाचा राजापूरहून फोन आला. "आबांनी अंथरूण धरलंय. तुझंच नाव घेतायत. ये गो बाय."

प्रभानं हात जोडून बापाला बघायला जायची रजा मागितली. तिचा पासपोर्ट साहेबाच्या कपाटात.

"नाताळनंतर बघू," साहेब म्हणाला. "म्हातारी माणसं मरायला वेळ घेतात."

मुडद्या, तुझ्या जिभेला काही हाड? ती मनात म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. डोळ्यांतल्या पाण्याला तेवढंच निमित्त.

चार दिवसांनी साहेबालाच लंडनहून फोन आला. "फादर इज आऊट? थ्री हंड्रेड इयर्स... फिनिश्ड!" एवढं ओरडून तो सोफ्यावर कोसळला आणि ढसाढसा रडला. दाराआड उभ्या प्रभानं ओळखलं, ह्याचा बाप गेला. कसाही असला तरी बाप तो बाप. देवानं ह्यालाही दाखवलं, असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी पाहुणे यायचे होते. प्रभानं बागेतली सदाफुली ओवून म्हाताऱ्या लॉर्डाच्या तसबिरीला हार घातला आणि खाली दिवा लावला. मांस-मच्छीला हात लावला नाही. सुतकाच्या घरात कसली मेजवानी? तिनं साधं वरण आणि भात केला, वर फोडणीसुद्धा दिली नाही.

पाहुणे आले, साहेबाचं पुराण सुरू झालं, पाचव्यावरून सहाव्यावर आलं आणि तिथंच अडकलं. हार बघून एका गोऱ्यानं टोपी काढली, दुसरा फिस्सकन हसला.

"हू डिड धिस?"

"फादर डेड, सर. आय सॉरी," प्रभा म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरले होते.

साहेब लालबुंद झाला. ड्रायव्हर नझीरनं तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. तो रत्नागिरीकडचा, तिला बहीण मानणारा. "अगो ताय, म्हातारा ठणठणीत हाय! नवा कायदा झाला, त्याची सभेतली खुर्ची गेली. बापाच्या नावावर बसणाऱ्यांना बाहेर काढलान."

"खुर्ची?" प्रभाला आधी कळेचना. "हा मघाशी खुर्चीसाठी रडला?"

"मग काय!"

"शी! त्या मेल्याला सुतक खुर्चीचं, आणि माझ्या बापानं मरायला थांबायचं?"

ती हे एवढ्या मोठ्यानं बोलली की पाहुण्यांच्या हातातले ग्लास थांबले. मराठी कुणाला कळत नव्हती, पण सूर कळला. साहेबानं आपल्या कपाटातून पासपोर्ट काढला आणि तरातरा आत येऊन तिच्या पायाशी फेकला. "गेट आऊट! उद्याच्या विमानानं गावाला चालती हो!"

प्रभानं पासपोर्ट उचलून कपाळाला लावला. "थँक्यू, सर. आमच्यात जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं," ती मराठीतच म्हणाली. नझीरनं ते इंग्रजीत सांगितलं. बापाच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या साहेबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

राजापूरला ती उंबऱ्यातूनच धावत आत गेली. आबांनी डोळे उघडले, तिला ओळखलं.

"रजा दिलान गो?"

"हाकललान, आबा."

"बरा झाला," आबा म्हणाले आणि त्यांनी तिचा हात धरला. शेवटपर्यंत सोडला नाही.