गोधडीत कोंडलेली बॅटरी

मी लिथियमची बॅटरी बोलतेय. तोंडानं फटकळ आहे, आधीच सांगते.

बीडला अरमानच्या दुकानात फळीवर बसून होते. शेजारी ॲसिडची जाडजूड बॅटरी. एक दिवस चाँदबी आली, मागोमाग तिचा नवरा जलालुद्दीन. दोघं जत्रांमध्ये बांगड्या विकतात. राहणं, निजणं टेम्पोतच. जलालुद्दीनला इन्सुलिनची सुई लागते. ते औषध थंड राहावं म्हणून गाडीत छोटा फ्रिज.

"फ्रिज बंद पडला न्हाई पाहिजे. कोणती देतो?" तिनं दरडावलं.

"खाला, ॲसिडची लई जड. पाणी घालत बसा, अन् अर्धी वापरली की दमती. ही हलकी, जवळजवळ सगळी वापरता येती. छपरावर सोलर लावू. फक्त हिला हवा पाहिजे. लई तापली की आपोआप बंद पडती."

"तू कधी पडतीस बंद?" जलालुद्दीननं बायकोला विचारलं.

"तुमी गप बसा!"

अरमाननं मला सीटखाली, चारी बाजूंनी जागा सोडून बसवलं.

उन्हाळ्यात लिंबागणेशच्या जत्रेला निघालो. रस्ता खड्ड्यांचा. चाँदबीच्या हाताला सवय, जे फुटंल ते गुंडाळायचं. बांगड्यांच्या पेट्या, आरसा, कप. तिनं स्वतः शिवलेली गोधडी माझ्याभोवती घट्ट आवळली. "आता हादरू नको, बाई."

माया होती. पण मायेनंही जीव गुदमरतो.

दुपारी जत्रेत उभ्या टेम्पोचा पत्रा तव्यासारखा तापला. मी आतून उकळले. जळण्यापेक्षा बरं म्हणून बंद पडले. फ्रिज गप झाला. बाहेर भोंगे वाजत होते, बाया बांगड्या भरत होत्या, कोणाला कळणार?

जलालुद्दीन सुई घ्यायला आत आला. "चाँद! फ्रिजचा दिवा गेलाय!"

गिऱ्हाइकाच्या हातात अर्धी चढलेली बांगडी तशीच सोडून ती धावली. औषधाच्या कुप्या ओल्या फडक्यात बांधून माठात ठेवल्या. मग माझ्यावर आली.

"मेले, दगा दिलास! त्या अरमानला तर बघतेच."

मला उपटायला गोधडीत हात घातला अन् चटका बसून मागे घेतला.

"या अल्ला. मीच कोंडलं हिला."

गोधडी भिरकावली, दारं उघडली, पुठ्ठ्यानं मला वारा घालू लागली. तोंडानं शिव्या चालूच. जलालुद्दीन माठाला हात लावून बसला. बराच वेळ फ्रिज बंदच.

मग घर्र झालं.

चाँदबी मटकन बसली. "कावून बोलली न्हाईस गं आधी?"

"तुज्यापुढं कोण बोलतंय?" जलालुद्दीन म्हणाला, अन् माठातल्या कुप्या पुसून परत फ्रिजात ठेवू लागला.

आता मी सीटखाली उघडीच असते. धूळ बसते, बसू द्या. पुसा मला, पण झाकू नका. त्या फ्रिजात एका माणसाचा जीव ठेवलाय. तो राखायचा तर आधी मला श्वास लागतो.