पाच मीटरची वायर

ज्ञान हाच माणसाचा खरा आधार आहे. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं माझं सगळं ज्ञान मी २०२१च्या जुलैत, महाडच्या माझ्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, गुडघाभर पाण्यात उभा राहून मिळवलं. पूर ओसरल्यावर कॅबिनेट उघडून एकेक भाग गच्चीत वाळत घातला आणि बघायला आलेल्या शेजाऱ्यांना त्यांची नावं सांगितली. त्यातला एकही परत चालू झाला नाही, पण तेव्हापासून गावात मी जाणकार. कॉलेजात माझा विषय इतिहास आहे.

म्हणून वैशाली माझ्याकडे आली. माझी जुनी विद्यार्थिनी. घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. घरबसल्या काम देणाऱ्या एका कंपनीची पहिली फेरी ती पास झाली होती. दुसरी मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी बाराला, दीड तास, स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मोबाइल चालणार नव्हता. निकाल लगेच पडद्यावर.

"आणि रविवारी नालासोपाऱ्याचे पाहुणे येणार हायत, सर. मला बघायला. बाबा म्हणाले, पास झालीस तर त्यांना फोन करून नको म्हणतो. दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाय."

"आणि नाही झालीस तर?"

"तर रव्याचे लाडू."

सगळं पंधरा हजारांत बसवायचं होतं. मुरारीच्या दुकानात आम्ही दोन तास काढले. प्रोसेसर जुना घेतला, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड न लागणारा. मदरबोर्ड सेकंडहँड, तो मी नाकाला लावून गाळाचा वास येतो का बघितलं. महाडात असाच घेतात. रॅम आठ जीबी, एसएसडी लहान. शेवटी एकाच वस्तूपुरते पैसे उरले.

"कॅबिनेटला मागचा पंखा टाका, सर," मुरारी म्हणाला. "हवा खेळली पाहिजे."

"पंखा राहू दे. पाच मीटरची मॉनिटरची वायर दे. कीबोर्ड-माउसलाही तेवढीच."

"एवढी लांब कशाला?"

"माळ्यावरून खाली यायला."

"माळ्यावर कोण राहतं?"

"कॅबिनेट."

मुरारीच्या दुकानात पुराची रेघ अजून छताच्या हातभर खाली दिसते. त्याने वर रेघेकडे बघून वायर काढून दिली.

"सर, आमचं घर वरच्या अंगाला हाय," वैशाली म्हणाली. "खाली टेबल पण हाय."

"माझंही पहिल्या मजल्यावर होतं," मी म्हणालो. "आणि वरून प्लास्टिक टाक. अवकाळीत पत्रा गळतो."

सर म्हटल्यावर पोरी ऐकतात. आमच्या पेशातली ही सगळ्यात धोकादायक गोष्ट.

शुक्रवारी मी मुद्दाम वाडीवर गेलो. रस्ता संपल्यावर अर्धा तास चढण. दोनदा बसलो. भागोजींनी ताक दिलं. "कालपास्नं सकाळचा लावून बघतो, सर. झ्याक चालतो." वर माळ्यावर, पत्र्याला टेकून, भाताच्या पोत्यांमध्ये कॅबिनेट बसवलेलं होतं. निळं प्लास्टिक चारी बाजूंनी नीट खोचलेलं. वायर अगदी पुरली होती. मला समाधान वाटलं.

बाराला परीक्षा सुरू झाली. वैशाली झरझर टाइप करत होती. भागोजी दारात पाठ करून बसले, मुलीला दडपण येऊ नये म्हणून. बारा बेचाळीसला पडदा काळा झाला.

"लाइट गेली काय गो?" आतून तिची आई, मैना.

डोक्यावरचा पंखा फिरत होता. भागोजी शिडीवरून वर गेले, प्लास्टिक ओढलं, कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"सर, भाकरी भाजंल ह्याच्यावर."

खाली उतरवून, पुठ्ठ्याने वारा घालून मशीन चालू करायला पंचवीस मिनिटं गेली. वैशालीने लिंक उघडली. मध्येच बाहेर पडल्यामुळे तुमची परीक्षा संपली आहे, असं लिहिलेलं होतं. तिने ते दोनदा वाचलं. मग माउसची वायर मनगटाभोवती गुंडाळून नीट वेटोळं केलं आणि टेबलावर ठेवलं. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"माळ्यावर का ठेवाय सांगितलात वो, सर?" भागोजींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पूर," मी म्हणालो.

भागोजींनी दारातून दरीकडे बघितलं. तळाशी सावित्री नदी दोऱ्यासारखी दिसत होती.

"आमच्याकडं दरडीचं भ्याव असतंय," ते म्हणाले. "ती वरनं येती."

"वैशे," मैना म्हणाली, "रवा किती आणायचा ते तरी सांग गो."

वैशाली म्हणाली, "आण अर्धा किलो."

उतरताना पहिल्या वळणावर मी मोबाइलमध्ये उंची बघितली. भागोजींचं घर नदीपासून दोनशे दहा मीटर वर आहे.