अनेक चेष्टा

भडकमकर साहेबांना बंगाली येत नव्हतं, आणि येत नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. पुण्याहून बदली होऊन कलकत्त्याला आल्याला त्यांना तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात 'एकटू' म्हणजे थोडं आणि 'दादा' हे दोन शब्द शिकून त्यांनी भाषा संपवली होती. शाळेत संस्कृत सोडून फ्रेंच घेतल्याचं ते अजून कौतुकाने सांगत. फ्रेंचही येत नव्हतं.

माझं मराठी मात्र आमच्या तागाच्या प्रयोगशाळेतला रोजचा फराळ. माझा जन्म कलकत्त्यातल्याच बागबाजारचा. एकेकाळी मराठ्यांपासून शहर वाचवायला खणलेला खंदक तिथूनच सुरू होई. तो बुजवला नसता तर साहेब आत आले नसते, असं मला फार वेळा वाटे. आम्ही घरी मराठीच बोलत असू, पण बंगाली शब्द नकळत आत शिरत. लहानपणी मी पुण्याच्या मावशीला म्हणाले होते, "पुरणपोळीची मी खूप चेष्टा केली, पण जमली नाही." बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मावशी आठवडाभर हसत होती. ही गोष्ट साहेबांच्या कानावर कधी गेली नाही, पण माझी दुसरी कुठलीही चूक झाली की ते ओकांना बोलावून मला ते चुकलेलं वाक्य पुन्हा म्हणायला लावत. जयंत ओक आमचे सहकारी. साहेबांच्या विनोदाला साहेबांच्या आधी हसणं हे त्यांचं मुख्य काम.

त्या दिवशी आम्ही तिघं हावड्याहून टाटानगरला रसायनतज्ज्ञांच्या परिषदेला निघालो होतो. साहेब तिथे निबंध वाचणार होते. निबंध माझा होता. ताग पाण्यात किती कुजवला की धागा चांगला सुटतो हे पाहायला मी दोन पावसाळे हौदातल्या त्या घाण पाण्यात हात घालून बसले होते. ट्राममध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नसे. साहेब त्या हौदाकडे नाकाला रुमाल लावूनही फिरकले नाहीत. तरी निबंधावर नाव त्यांचं, आणि मी शेवटी आभारात, शिपायाच्या नंतर. तो निबंध माझ्या नावाने, माझ्या तोंडून वाचला जावा एवढंच मला हवं होतं. तसं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "नलिनीबाई, तुमचं मराठी ऐकून लोक हसतील." निबंध इंग्रजीत होता.

आमच्याच डब्यात घोषाल मोशाय चढले. परिषदेतल्या आमच्या बैठकीचे ते अध्यक्ष, मोठे विद्वान आणि साधे म्हातारे गृहस्थ. साहेब लगेच पुढे सरसावले. "आमि बांगला जानि, एकटू एकटू." झालं. म्हातारबाबा खुशीत बंगालीत सुरू झाले आणि साहेब मान डोलवत राहिले. मग घोषालांनी इंग्रजीत विचारलं, की तागाचं पाणी वाहतं होतं की साचलेलं? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. ओक खोकले.

"तेही बघू," साहेब म्हणाले.

घोषालांना दया आली असावी. साहेबांचा गुडघा थोपटत ते हसून म्हणाले, "चेष्टा कोरुन, चेष्टा कोरुन. होबे." प्रयत्न करा, जमेल. एवढं बोलून ते हात धुवायला उठून गेले.

साहेब लालबुंद झाले. "ऐकलंत? तोंडावर माझी चेष्टा करून गेला."

"दोनदा म्हणाला, साहेब," ओक म्हणाले.

अर्थ सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. मग ओकांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावलेली माझी सगळी वाक्यं आठवली आणि मी गप्प बसले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"असल्या माणसासमोर मी उभा राहणार नाही," साहेब म्हणाले. "नलिनीबाई, तुम्हीच वाचा. तुमची चेष्टा झाली तर तुम्हाला सवय आहे."

"आणि नाव?"

"माझं काढून टाका. मला यात गोवू नका."

त्यांचं नाव मी त्यांच्याच पेनने खोडलं, घोषाल हात पुसत परत यायच्या आत.

दुसऱ्या दिवशी मी निबंध वाचला. कोणी हसलं नाही. पाण्याचा प्रश्न पुन्हा आला, त्याचं उत्तर दिलं. बैठक संपल्यावर घोषालांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अनेक चेष्टा कोरेछो, मा." माझे डोळे भरून आले. साहेब मागेच उभे होते.

"बघा," ते हळूच म्हणाले, "तुमची तर अनेक केली."

"हो, साहेब."

"मनाला लावून घेऊ नका."

पुढे परिषदेचा ग्रंथ छापून आला. निबंधावर माझ्या एकटीचं नाव होतं. साहेब ते पान उघडून कितीतरी वेळ हळहळत बसले.

"छापून ठेवली की हो तुमची चेष्टा," ते म्हणाले.

"हो, साहेब," मी म्हटलं. "छापून ठेवली."