चौथी संख्या

प्रज्ञाने मांडीवरचा लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आईच्या, शकुबाईंच्या गळ्यातला पट्टा मागून आवळला. रबराचा जाड पट्टा, बाहेरच्या बाजूला बोटभर खिळे. बिबट्या मानच धरतो, म्हणून डिंगोरे गावातल्या बायका आता असा पट्टा बांधूनच गवताला वाकत. भीती असली तरी जनावरांना चारा लागतोच. पट्टा मात्र वनखात्याकडून घरटी एकच आला होता.

"आणि बाबांना?"

"मला कशाला?" जयवंत खांद्यावर फावडं टाकून उसाला पाणी धरायला निघाले होते. "आपल्या शिवारात आजवर आला नाय त्यो. आजवर नाय म्हंजी नाय!"

बापाचा हट्ट! प्रज्ञाचं डोकंच फिरलं. शकुबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने आपल्या पीएच.डी.चा विषयच पुढे केला.

"बाबा, एक मूळ संख्या घ्यायची. तिच्याआधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्यात एक मिळवायचा. त्याला त्या मूळ संख्येने भाग जातोच जातो. पण तिच्या वर्गानेही जाईल अशा संख्या तीनच सापडल्यात. पाच, तेरा आणि पाचशे त्रेसष्ट. अब्जांच्या कितीतरी पुढे शोधलं लोकांनी, चौथी काही मिळाली नाही."

"मंग संपल्या की."

"तेच तर म्हणता येत नाही! सापडली नाही, एवढंच. पुढचीच असेल, कुणी सांगावं?"

जयवंतांनी खांद्यावरचं फावडं सावरलं. शकुबाई मात्र उंबऱ्यातच थांबल्या होत्या. निदान आईला तरी पटलं, याचं प्रज्ञाला बरं वाटलं.

शकुबाईंनी मानेमागे हात नेऊन बक्कल काढलं आणि पट्टा नवऱ्याच्या गळ्यात बांधला.

"अगं, काय करतीस?"

"पोरगी काय खोटं सांगती व्हय? तुमी उसात शिरनार, मी आपली बांधाला. उघड्यावर काय व्हतंय मला?"

विळा उचलून त्या झपझप निघूनही गेल्या.

जयवंत बक्कल चाचपत राहिले.

"रागावलात, बाबा?"

"परवा दिसला मला त्यो," ते हळूच म्हणाले. "सांगितलं असतं, तर हिनं पट्टा मलाच बांधला असता. म्हनून आला नाय, आला नाय म्हनत व्हतो."

प्रज्ञाने त्यांचा दंड धरला.

"कुठे दिसला?"

"हिच्या गवताच्या बांधाला."

फावडं तिथेच टाकून ते धावत सुटले. प्रज्ञाही अनवाणीच मागे धावली. वाटेच्या दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस होता, पलीकडचा बांध काही दिसत नव्हता.

"आई! आई गं!"

एवढ्या मोठ्याने तिने आयुष्यात कुणाला हाक मारली नव्हती. पुढे जयवंतही ओरडत होते. दोघंही क्षणभर थांबले आणि कान देऊन ऐकू लागले.

आईने ओ दिली नाही.