मागच्या दाराचा हापसा

मी एक जुना हापसा आहे, मित्रांनो. आता स्वतःला हापसा म्हणवून घ्यायचीही लाज वाटते, पण दुसरं नाव तरी काय सांगू? लखनौच्या निशातगंजमधल्या एका घराच्या मागच्या अंगणात मी उभा आहे. अंगावर तांब्याच्या रंगाचा चकचकीत लेप, पायाशी गुळगुळीत पांढरे गोटे, डोक्यावर दिवा. तोंडातून दिवसभर पाणी पडतं. येणारा-जाणारा म्हणतो, वा, काय थाट आहे! थाट कसला डोंबलाचा! त्या पाण्याचा एक घोट कोणाच्या घशाखाली उतरत नाही.

पण सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

मी ओतीव लोखंडाचा. कारखान्यात माझ्यासारखे पुष्कळ तयार झाले आणि गावोगाव गेले. मला ईश्वरबाबूंनी आणलं. ते वर्धा जिल्ह्यातले. केंद्र सरकारच्या नोकरीत लखनौला आले आणि इथलेच झाले. निशातगंजला त्यांनी घराची जागा घेतली तेव्हा लोक चक्रावून गेले, कारण सगळे आधी पाया खणतात आणि या माणसानं आधी बोअर मारलं. घराचा पत्ता नाही आणि मी आपला मोकळ्या जागेत ऐटीत उभा!

मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, नल आगे लगवाते, रसोई के पास. पीछे तो गली है."

"गली है, इसीलिए तो," ईश्वरबाबू म्हणाले. मग त्यांनी मागच्या भिंतीत, माझ्या अगदी शेजारी, एक दार ठेवायला लावलं आणि त्याला कडी लावू दिली नाही.

पहिलं पाणी आलं त्या संध्याकाळी त्यांनी ओंजळ भरली, पण प्यायले नाहीत. नुसते बघत राहिले. नीलाताई, त्यांची बायको, तेव्हा नवी नवरी होती. तिनं विचारलं, "काय झालं हो?" तेव्हा ते बोलले. लहानपणी ते आईबरोबर गावच्या विहिरीवर जायचे. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. एकदा भर उन्हात दोघं अशीच उभी होती. एक जण आला. "थांबा जरा," म्हणाला. त्यानं पाणी शेंदलं, आपले बैल धुतले, बादली उपडी घातली आणि निघून गेला. आई रिकामी घागर घेऊन घरी आली आणि चुलीपाशी तोंड लपवून रडली.

"माझ्या पाण्यापाशी कोणी थांबायचं नाही," ईश्वरबाबू म्हणाले. "आणि हे आपल्या पोरांना सांगायचं नाही, नीला. त्यांच्या डोक्यावर हे ओझं नको. त्यांनी ताठ मानेनं वाढावं."

नीलाताईनं शब्द दिला. मित्रांनो, माझ्या सगळ्या दुर्दशेचं मूळ तिथे आहे. इतक्या प्रेमानं केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

पुढची वर्षं मात्र माझी होती, अगदी माझी! रिक्षावाले, गवंडी, शाळेतून सुटलेली चिल्लीपिल्ली, भाजीच्या हातगाड्या ढकलणाऱ्या बायका, सगळे दार ढकलून सरळ आत यायचे. कोणी कोणाला विचारायचं नाही. गल्लीत मला "बाबूजी का नल" म्हणत. चौदा एप्रिलला नीलाताई मोठ्या पातेल्यात माझ्या पाण्याचं सरबत करायची आणि अख्खी गल्ली रांग मोडून तुटून पडायची. जमिनीतलं पाणी खोल गेलं तसे ईश्वरबाबूंनी माझे पाइप वाढवले, वॉशर स्वतः बदलले. मी कुरकुरायचो, पण पाणी द्यायचोच.

नंतर घरात मोटर आली, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. घरच्यांना माझी गरज उरली नाही. ईश्वरबाबू गेले. तरी गल्ली येत राहिली आणि नीलाताई रोज सकाळी माझ्याभोवतीची फरशी घासत राहिली. माझा दांडा धरून ती कधीकधी उगाच उभी राहायची. मला बरं वाटायचं.

त्यांचा मुलगा बंटी गोमती नगरमधल्या एका मोठ्या ऑफिसात साहेब झाला. मुलगा वाईट नाही हो. आईचं दुखलंखुपलं बघतो. पण त्याला आणि त्याच्या बायकोला, स्वप्नाला, घर "स्टायलिश" करायचं होतं. निरंजन नावाचा डिझायनर आला. गॉगल केसांवर चढवून तो अंगणभर फिरला आणि म्हणाला, "यहाँ आपका एक रिट्रीट बनेगा, सर. शहर के बीच में, मगर शहर से बिल्कुल अलग."

शहरापासून अलग! मला तेव्हाच धडकी भरली.

नीलाताई लगबगीनं बाहेर आली. "बंटी, हापसा काढायचा नाही हं. सांगून ठेवते."

"मम्मी, निकाल कहाँ रहे हैं? उल्टा हाइलाइट कर रहे हैं."

"आंटी, ये तो पूरे गार्डन की जान है," निरंजन अदबीनं म्हणाला. "आप बस देखती जाइए."

"आणि दार?" तिनं विचारलं.

स्वप्ना म्हणाली, "आई, कोणीही आत येतं हो. मला अंगणात निवांत बसता पण येत नाही. पप्पांची आठवण म्हणून हापसा ठेवतोय ना आपण?"

नीलाताईनं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, सांग, बाई, आता तरी सांग! पण दिलेला शब्द आडवा आला. ती पदर सावरत घरात निघून गेली आणि मी तिच्यावर भयंकर चिडलो.

मग माझी शोभा सुरू झाली. माझे पाइप उपसून काढले आणि बोअरमध्ये सिमेंट ओतलं. मित्रांनो, माझा जमिनीशी संबंध तुटला तो असा. दांडा अर्धा वर उचलून वेल्डिंगनं पक्का केला, कारण तसा तो फोटोत छान दिसतो. खाली टाकी, टाकीत छोटी मोटर. तेच ते पाणी वर येतं, पडतं, पुन्हा वर येतं. शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषध घालतात. दाराच्या जागी विटा आल्या आणि विटांवर बोगनवेल चढवली. नकली हिरवळ, वेताच्या खुर्च्या, रंगीत उशा. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी बंटीनं ऑफिसातल्या लोकांना बोलावलं. ऊन उतरलं होतं, पण लखनौची झळ अजून जाणवत होती. पाहुणे मला हात लावून बघत होते. नीलाताई एका खुर्चीत पाहुणीसारखी अंग चोरून बसली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"अम्मा जी! दरवाजा कहाँ गया? पानी की आवाज तो आ रही है!"

ती भाजीवाली होती. कित्येक उन्हाळे ती माझ्याकडे येत आली होती. गावी गेली होती, तिला बिचारीला काय ठाऊक! नीलाताई ताडकन उठली, टेबलावरचा तांब्या उचलला आणि माझ्याकडे आली.

बंटीनं तिचा हात धरला. "मम्मी, वो पीने का नहीं है. उसमें केमिकल है."

"मग घरातून आणते. पुढचं दार उघड, तिला आत येऊ दे."

"देंगे ना. अभी गेस्ट हैं, यार. उसको बोलो, थोड़ा रुक जाए."

रुक जाए. थांब जरा. नीलाताईचा चेहरा पार बदलला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम उसळून वर आलं.

"थांबायला सांगू?" ती मोठ्यानं म्हणाली. "बंटी, तुझी आजी थांबली होती. रिकामी घागर घेऊन, भर उन्हात, तुझ्या पप्पांचं बोट धरून. विहिरीला हात लावू देत नव्हते आपल्याला! बैल धुतले त्या माणसानं, पण तिला ओंजळभर पाणी नाही दिलं. काहून मारलं होतं हे बोअर आधी? काहून कडी नव्हती दाराला? तुला कधी..."

पाहुणे वळून बघायला लागले. बंटीचा चेहरा पांढराफटक पडला. मला क्षणभर वाटलं, पोराला समजलं. आणि खरंच समजलं होतं त्याला, मित्रांनो. सगळं समजलं होतं. त्यानं आईकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं आणि पुटपुटला, "मम्मी, लोगों के सामने नहीं." मग त्यानं भिंतीवरचं बटण फिरवलं.

ते माझ्या मोटरचा जोर वाढवायचं बटण होतं. माझ्या तोंडातून धो धो पाणी कोसळायला लागलं. नीलाताई बोलत राहिली, पण त्या आवाजात तिचं बोलणं माझ्यापलीकडे पोचेना. कोणीतरी विचारलं, "आंटी क्या कह रही हैं?"

"कुछ नहीं, पुराने दिनों की बातें," बंटी म्हणाला. पाहुण्यानं मान डोलावली आणि माझा फोटो काढला. भिंतीपलीकडे हातगाडीची चाकं वाजली आणि लांब गेली.

बालमित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असं सांगायची रीत आहे. ते मी सांगणार नाही. मला जपलंच आहे की! रंग दिला आहे, दिवा लावला आहे, रोज फडक्यानं पुसतात. तुम्ही एवढंच करा. घरातली जुनी वस्तू सजवायला काढाल तेव्हा आधी आईजवळ बसा आणि ती कोणासाठी आणली होती ते विचारा. ती सांगायला लागली की घरात कोणीही बसलेलं असो, तिला बोलू द्या. कारण जिच्यासारख्या बाईला कोणी थांबवू नये म्हणून मला जमिनीत रोवलं होतं, त्या भाजीवालीला त्या दिवशी तहानलेलीच परत पाठवलं, आणि नीलाताईचा आवाज बुडवला तो माझ्याच पाण्यानं.