राखेचं प्रमाण

तुराट्यांची मोळी ताणकाट्याच्या आकड्याला लटकली, दोन गिरक्या घेऊन थांबली, आणि काटा नवाच्या जरा पुढे जाऊन थरथरत राहिला... सोमशेखर त्या थरथरीकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. नऊ किलो दोनशे. मंद्रूपच्या बाजूचं हे आजचं तिसरं शेत. जिल्ह्यातल्या शिवारातून आणि रानातून जाळून वीज करण्याजोगं किती निघेल — तुराट्या, उसाचं पाचट, वेडी बाभूळ — याचा अंदाज त्याच्या कचेरीला महिनाअखेर द्यायचा होता. प्रत्येक ठिकाणचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत जायचा. तिथं तो जाळून राख किती उरते ते बघत. वाळकं काहीही दिसलं की सोमशेखरच्या मनात आधी त्याच्या राखेचा टक्का यायचा. कामाला चोख माणूस, असं सगळे म्हणायचे. चोखच होता. तेच तर.

सकाळी सासूबाईंचा, मल्लव्वांचा फोन आला होता. "गुडघं झ्याक झाले आता. दुपारच्या अक्कलकोट गाडीनं येते. बेल घेतलाय, विभूती घेतलीय. तुमी फकस्त जागा दावा की."

"या, अत्ती," तो म्हणाला होता, जणू पुरणपोळीच्या जेवणालाच बोलावतोय.

जागा! बायकोला, धनलक्ष्मीला जाऊन पाच वर्षं होत आली, आणि पाच वर्षं मल्लव्वांच्या गुडघ्यांनी त्याला सांभाळून घेतलं होतं. त्या साथीच्या दिवसांत घरचं कुणी येऊ शकलं नव्हतं. स्मशानाच्या खिडकीशी तो एकटाच, तोंडाला फडकं, हातात कागद — आणि कागदावर दोन चौकोन, दहन आणि दफन. खड्डा खणणारे सकाळीच येतील, तोवर थांबावं लागेल, खिडकीतला माणूस म्हणाला. थांबता आलं असतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण मी दमलो होतो, मला भीती वाटत होती, मला तिथून जायचं होतं... आणि फॉर्म भरायची सवय असलेल्या हातानं पहिल्या चौकोनात खूण केली. आमच्यात माणसाला बसवून माती देतात, तळहातावर लिंग ठेवतात, भोवती बेल आणि विभूती. आजवर घरातल्या कुणालाच जाळलं नव्हतं. मल्लव्वांना त्यानं सांगितलं, नीट झालं सगळं, आपल्या पद्धतीनं.

रविवारी तो रुद्रभूमीत, समाजाच्या दफनभूमीत, जाऊन आला होता. मल्लव्वांना दाखवायला भिंतीकडेला एक बिनपाटीचा उंचवटा त्यानं हेरून ठेवला होता. वरचं गवतसुद्धा उपटलं होतं. कुणाचा कोण जाणे.

"सायेब, च्या घ्या." शेतमालकीण निंगव्वा कप घेऊन आली. तिच्या मागं कडब्याची गंज उभी होती, दारात एकच बैल. सोमशेखरनं सवयीनं हिशेब मांडला — एका जनावराला एवढा कडबा लागत नाही.

"आजी, यातला निम्मा शिल्लक धरू?"

"कशापायी?"

"जळणात."

निंगव्वानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो काही घाण बोलला होता. "कडबा कोन जाळतंय वो? ह्यो दुसऱ्या बैलाच्या वाट्याचा हाय. गेला त्यो संक्रातीला." तिनं बांधाकडे हात केला. तिथं ताज्या मातीचा लांबट ढीग होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या काट्या. "मेलेली जनावरं उचलनारा गाडीवाला न्यायला आलता. दिला न्हाय. रातभर पोरांनी खनलं. दगड लागला मधी, तरी खनलं. आपला हाय, म्हनलं, त्याला माती द्याया पायजे की."

सोमशेखर चहा प्याला. चहा गोड होता, गरम होता. बैलाला रातभर... त्यानं 'शिल्लक' या रकान्यात शून्य लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं आकडा खोटा लिहिला, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही.

खिशात फोन वाजला. "गाडीत बसले वो. जागा बी गावली खिडकीपाशी." मल्लव्वांच्या आवाजात लहान मुलीचा उत्साह होता. "बेल सुकंल काय, सोमशेखर? वल्या फडक्यात गुंडाळलाय."

"नाही सुकणार, अत्ती."

फोन ठेवला तेव्हा त्याला कळलं, की तो उंचवटा आता आपल्याच्यानं दाखवला जाणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर त्या म्हातारीला बेल वाहू देणं... नाही. मग सांगायचं. कसं सांगायचं? अत्ती, मी तिला जाळलं. मनातल्या मनात त्यानं वाक्य म्हणून बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच पूर्ण म्हटलं. त्या रडतील. कदाचित शिव्या देतील, आणि ते बरं होईल. पण रडून झाल्यावर त्या विचारतील — त्या विचारणारच — मग राख कुठंय?

तीन दिवसांनी घेऊन जा, असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं होतं. तो गेला नाही. राखेचं काय करतात हे त्याच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर जाळलं हे सांगावं लागलं असतं. म्हणून तिसरा दिवस गेला, चौथा गेला... कुणीतरी झाडून काढली असेल. किती असेल, हे त्याच्याइतकं नेमकं या जिल्ह्यात कुणाला सांगता आलं नसतं, आणि ते सांगून मल्लव्वांना काय मिळणार होतं.